हेपारिन वर्ज्य असलेल्या रुग्णांवरील हृदयशस्त्रक्रिया : रक्त प्रवाही ठेवण्याचा प्रश्न

प्रस्तावना

शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांतच साकळते. जखम झाली असता जीव वाचविणारा हा गुणधर्म हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी मात्र जिवावर उठू शकतो. हृदय थांबवून त्यावर शस्त्रक्रिया करावयाची असल्यास रुग्णाचे रक्त नळ्यांवाटे हृदय-फुप्फुस यंत्रात न्यावे लागते, तेथे त्यात प्राणवायू मिसळावा लागतो आणि ते पुन्हा महारोहिणीत सोडावे लागते. नळ्या, गाळणी, प्राणवायू मिसळणारे उपकरण हे सारे रक्ताच्या दृष्टीने परके पृष्ठभाग होत. त्यांचा स्पर्श होताच रक्त साकळण्याची क्रिया सुरू होते. ती रोखण्यासाठी गेली सत्तर वर्षे जगभर प्रामुख्याने एकच औषध वापरले जात आहे, ते म्हणजे हेपारिन.

परंतु काही थोड्या रुग्णांमध्ये हे औषध गुठळ्या रोखण्याऐवजी त्या निर्माण करते. अशा रुग्णावर हृदयशस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विषयाची चर्चा बहुधा 'हेपारिनऐवजी कोणते औषध द्यावे' या प्रश्नापासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याआधी 'शस्त्रक्रिया केव्हा करावी' हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण त्याचे उत्तर नीट मिळाले तर पर्यायी औषध शोधण्याची गरजच अनेकदा उरत नाही.

हेपारिनचे स्थान

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९१६ मध्ये साकळण्यास विरोध करणाऱ्या द्रव्यांचा शोध लावला. हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृतातून मिळविलेल्या अशा द्रव्याला 'हेपारिन' हे नाव दिले. ग्रीक भाषेत यकृतास 'हेपार' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. आज मात्र ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अंतःत्वचेपासून काढले जाते. पुढे टोरांटो व स्टॉकहोम येथील संशोधकांनी ते माणसाला देण्याइतके शुद्ध केले आणि ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. हेपारिन नसते तर ती शक्य झाली नसती.

हेपारिनचे स्थान आजही अढळ राहिले, याची कारणे तीन. शिरेतून देताच ते काम करू लागते. त्याचा परिणाम शस्त्रक्रियागृहातच मोजता येतो. रक्ताचे थेंबभर नमुने घेऊन ते साकळण्यास किती सेकंद लागतात हे 'एसीटी' या चाचणीने समजते. एरवी शंभर-सव्वाशे सेकंदांच्या आसपास असणारा हा काळ यंत्रावर जाण्यापूर्वी ४८० सेकंदांच्या वर नेण्याचा प्रघात आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, काम संपताच त्याचा परिणाम पुसून टाकता येतो. सॅमन माशाच्या शुक्रद्रव्यापासून मिळविलेले प्रोटामिन हे प्रथिन दिले की काही मिनिटांत रक्त पूर्ववत साकळू लागते. हृदयावर टाके घातलेल्या रुग्णाच्या बाबतीत या उलटविता येण्याच्या गुणाची किंमत शल्यचिकित्सकच जाणतो. पर्यायी औषधांपैकी एकातही हा गुण नाही आणि पुढील सारी अडचण येथूनच उद्भवते.

विपरीत परिणाम कसा घडतो

रक्तबिंबिका म्हणजेच प्लेटलेट यांच्यामध्ये 'प्लेटलेट फॅक्टर ४' नावाचे धनभारित प्रथिन असते. हेपारिन हे तीव्र ऋणभारित असल्याने दोघे एकमेकांस चिकटतात व त्या संयोगात प्रथिनाचा आकार बदलतो. काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा या बदललेल्या रूपास परके समजते आणि त्याविरुद्ध आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंड, प्रथिन व हेपारिन यांचा हा त्रिवेणी गट प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्राहकांस जाऊन भिडतो, प्लेटलेट उद्दीपित होतात, अधिक प्रथिन बाहेर टाकतात आणि दुष्टचक्र सुरू होते. प्लेटलेटची संख्या घटते. परंतु त्या केवळ नष्ट होत नाहीत, गुठळ्यांमध्ये खर्ची पडतात. त्याच वेळी थ्रॉम्बिन हे साकळण्याच्या क्रियेतील मध्यवर्ती विकर मोठ्या प्रमाणावर निर्माण होते.

प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे रक्तस्राव होणार, ही सर्वसामान्य समजूत येथे पूर्णतः उलटी पडते. येथे रक्तस्राव क्वचितच होतो, गुठळ्या मात्र नीलांत, रोहिणींत, फुप्फुसांत, मेंदूत कोठेही होऊ शकतात. उपचार न केल्यास सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत असे घडते आणि काहींना हात किंवा पाय गमवावा लागतो. या विकारास इंग्रजी आद्याक्षरांवरून वैद्यकीय वर्तुळात 'हिट' असेच म्हणतात. हेपारिन चालू असताना रोहिणीत गुठळ्या झाल्याची नोंद वाइसमन व टोबिन यांनी १९५८ मध्येच केली होती. तिच्यामागील प्रतिकारयंत्रणेचा भाग १९७० नंतर आणि प्लेटलेट फॅक्टर ४ ची भूमिका १९९० नंतर स्पष्ट झाली.

हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. त्यांना हेपारिन मोठ्या मात्रेत मिळते, त्याच वेळी यंत्रामुळे प्लेटलेट उद्दीपित होऊन प्रथिनही मुबलक बाहेर पडते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर एक चतुर्थांश ते निम्म्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. प्रत्यक्ष विकार मात्र १ ते ३ टक्क्यांनाच होतो. या दोन आकड्यांमधील अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. निदानातील बहुतेक गोंधळ त्यातून निर्माण होतो.

निदान आणि चुकीचा शिक्का

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठ किलो वजनाचे एक गृहस्थ छातीतील वेदनांमुळे रुग्णालयात दाखल होतात. त्यांना हेपारिन सुरू केले जाते. अँजिओग्राफीत डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा आढळतो आणि बायपास शस्त्रक्रिया ठरते. काही कारणाने ती लांबते. सातव्या दिवशी प्लेटलेटची संख्या २ लाख ४० हजारांवरून ८० हजारांवर आलेली दिसते. हा 'हिट' आहे काय?

येथे चार गोष्टी पाहिल्या जातात : घट किती आहे, ती हेपारिन सुरू केल्यापासून कोणत्या दिवशी झाली, नवी गुठळी झाली आहे काय, आणि घटीचे दुसरे काही कारण संभवते काय. प्रत्येकास शून्य ते दोन गुण देतात. बेरीज तीन वा त्याहून कमी असल्यास विकार नसल्याचे बरेचसे निश्चितपणे सांगता येते. सहा ते आठ गुण असल्यास संशय बळावतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांची घट ५० टक्क्यांहून अधिक आहे व ती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या नेमक्या कालखंडात झाली आहे. दुसरे कारण सापडले नाही तर त्यांचे गुण सहा होतात. हेपारिन तत्काळ बंद करून चाचण्या पाठविणे क्रमप्राप्त ठरते.

चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. एलायझा पद्धतीची चाचणी प्रतिपिंडे आहेत की नाहीत एवढेच सांगते. ती नकारात्मक आली तर विकार जवळजवळ नाकारता येतो. होकारार्थी आली तर मात्र विकार सिद्ध होत नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे निरुपद्रवी प्रतिपिंडे अनेकांत असतात. दुसरी कार्यात्मक चाचणी. तीत निरोगी व्यक्तीच्या धुतलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या रक्तद्रवात ठेवून त्या खरोखर उद्दीपित होतात काय हे पाहतात. ती अधिक विश्वसनीय, पण किचकट असून मोजक्याच प्रयोगशाळांत होते. हृदयशस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत प्लेटलेट यंत्रामुळे निम्म्यापर्यंत घटतातच, ही आणखी एक गुंतागुंत. त्या सावरू लागल्यानंतर पुन्हा घसरल्या, तर संशय घ्यावा.

व्यवहारात याची दोन टोके दिसतात. एकीकडे घट दुर्लक्षिली जाते आणि हेपारिन चालूच राहते. दुसरीकडे संसर्ग, अन्य औषधे किंवा महारोहिणीतील फुगा यांमुळे प्लेटलेट कमी झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर 'हेपारिनची अॅलर्जी' असा शेरा लिहिला जातो आणि तो आयुष्यभर त्याच्याबरोबर फिरतो. त्या शेऱ्यामागे कोणती चाचणी होती, कोणत्या तारखेची होती, याचा पत्ता नसतो. अशा रुग्णाला पुढे विनाकारण अधिक धोक्याच्या औषधावर शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते. खरी अॅलर्जी, म्हणजे हेपारिन देताच रक्तदाब कोसळणे वा श्वास कोंडणे, ही अत्यंत विरळ व वेगळी बाब आहे. २००८ मध्ये अमेरिकेत अशा घटनांची लाट आली होती. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटित कोन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ असल्याचे तपासात निष्पन्न झाले. दोष हेपारिनचा नव्हता.

प्रतिपिंडांचे अल्प आयुष्य

गोवर झालेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती तो आयुष्यभर लक्षात ठेवते. हिटच्या प्रतिपिंडांचे तसे नाही. हेपारिन बंद केल्यावर प्लेटलेट बहुधा आठवड्याभरात सावरतात. नंतर कार्यात्मक चाचणी साधारण ५० दिवसांत आणि एलायझा सुमारे ८५ दिवसांत नकारात्मक होते. १०० दिवसांनंतर प्रतिपिंडे क्वचितच शिल्लक राहतात. शिवाय अशा व्यक्तीला हेपारिन पुन्हा दिल्यास प्रतिपिंडे लगोलग उसळी घेत नाहीत. ती नव्याने तयार व्हावयास निदान पाच दिवस लागतातच. ही स्मृती इतकी अल्पजीवी का, याचे स्पष्टीकरण अद्याप संशोधनाचाच विषय आहे. तिचा उपयोग मात्र वीस वर्षांहून अधिक काळ केला जात आहे.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. शस्त्रक्रियेस लागणारे हेपारिन दोन-तीन तासांपुरते असते व ते लगेच प्रोटामिनने निष्प्रभ केले जाते. ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे उरलेली नाहीत त्याला हे तेवढ्यापुरते हेपारिन देणे सुरक्षित ठरते. अट एवढीच की शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर त्याचा एक थेंबही देऊ नये. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटोलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच भूमिका आहे. त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून, प्लेटलेट सावरल्या आहेत व कार्यात्मक चाचणी नकारात्मक झाली आहे अशा रुग्णांतही, एलायझा अद्याप होकारार्थी असली तरी, शस्त्रक्रियेपुरते हेपारिन चालेल असे सुचविले आहे. म्हणून झडप बदलण्याची किंवा अन्य शस्त्रक्रिया काही आठवडे थांबू शकत असेल तर थांबणे हाच सर्वोत्तम उपचार होय. येथे वाट पाहणे म्हणजे चालढकल नव्हे, हे रुग्णाच्या नातेवाइकांना समजावून सांगावे लागते, कारण 'डॉक्टर तारीख देत नाहीत' अशी त्यांची साहजिक तक्रार असते.

थांबणे शक्य नसेल तर

आपल्या उदाहरणातील गृहस्थ तीन महिने थांबू शकणार नाहीत. त्यांच्यासाठी आज सर्वाधिक अनुभव असलेला पर्याय बिवॅलिरुडिन हा आहे. जळूच्या लाळेतील हिरुडिन या द्रव्याच्या धर्तीवर तयार केलेली ही वीस अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी थेट थ्रॉम्बिनलाच जखडते. प्लेटलेट फॅक्टर ४ शी तिचा संबंध येत नाही. अँजिओप्लास्टीसाठी ती आपल्याकडेही वापरली जाते. हृदय-फुप्फुस यंत्रावरील शस्त्रक्रियेत हेपारिन व प्रोटामिनशी तिची तुलना करणारा अभ्यास २००६ मध्ये आणि खुद्द हिटच्या रुग्णांतील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींतील रुग्णसंख्या लहान होती, हे नमूद केले पाहिजे.

मात्रेचा हिशेब असा : दर किलो वजनास १ मिलिग्रॅम एकदम, यंत्राच्या द्रावणात ५० मिलिग्रॅम, आणि मग दर किलोस ताशी २.५ मिलिग्रॅम सलग. साठ किलोच्या रुग्णास यंत्रावर दोन तास ठेवावयाचे तर ६०, ५० व ३०० मिळून ४१० मिलिग्रॅम लागतात. म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. हेपारिनची तर २५,००० एककांची एक कुपी पुरली असती. एसीटी मूळ काळाच्या अडीच पट ठेवण्याचा संकेत आहे.

औषध बदलले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. बिवॅलिरुडिनवर शस्त्रक्रियेची सारी रीतच बदलावी लागते आणि शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व यंत्र चालविणारा पर्फ्युजनिस्ट या तिघांनी ती आदल्या दिवशीच एकत्र बसून ठरवावी लागते. कारण असे की हे औषध ज्या थ्रॉम्बिनला जखडते तेच थ्रॉम्बिन त्याला हळूहळू तोडून टाकते. रुग्णाच्या शरीरातील सुमारे ८० टक्के औषध अशा विघटनाने व उरलेले मूत्रपिंडांवाटे जाते. मूत्रपिंडे ठीक असतील तर त्याचे अर्धायू अवघे २५ मिनिटांचे असते. वाहत्या रक्तात नवे औषध येत राहते, त्यामुळे बिघडत नाही. परंतु रक्त जेथे साचून राहते तेथे औषध संपते आणि ते रक्त साकळते. साचलेले रक्त हाच येथील खरा शत्रू होय.

म्हणून यंत्राच्या ज्या शाखांतून एरवी रक्त वाहत नाही त्यांतून ते ठरावीक अंतराने फिरवत ठेवतात. हृदय थांबविण्यासाठी रक्तमिश्रित द्रावणाऐवजी साधे क्षारद्रावण वापरतात. छातीच्या आतील भिंतीवरील रोहिणी बायपाससाठी सोडवून घेतली तरी जोडण्याची वेळ येईपर्यंत ती कापत नाहीत, अन्यथा तिच्यातील थांबलेले रक्त गोठते. पायातून काढलेली नीला रक्ताऐवजी क्षारजलाने धुतात. हृदयावरणाच्या पोकळीत जमलेल्या रक्तात थ्रॉम्बिन फार असते. ते थेट यंत्रात परत न घेता, सायट्रेट मिसळून, पेशी धुणाऱ्या उपकरणातून शुद्ध करून घेतात. याच पोकळीत लाल जेलीसारख्या गुठळ्या दिसू लागतात. प्रथमच ही शस्त्रक्रिया पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण तेथील गुठळ्या अपेक्षितच असतात; त्या पाहून औषध वाढवू नये. यंत्राच्या साठवणपात्रात गुठळी दिसली तर मात्र प्रश्न गंभीर आहे.

शरीर फार थंड केल्यास विकरांची क्रिया मंदावते व औषध रेंगाळते. त्यामुळे शरीर थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवावे लागणाऱ्या महारोहिणीच्या शस्त्रक्रिया या औषधाशी मुळातच विसंगत आहेत. यंत्रावरून उतरण्याच्या १०-१५ मिनिटे आधी औषध बंद करतात. एकदा उतरल्यावर यंत्रातील रक्त अडून राहते. पुन्हा यंत्रावर जावे लागण्याची शक्यता असेल तर ते रक्त फिरते ठेवून त्यात औषध चालू ठेवावे लागते. हेपारिनच्या सवयीने हात चालविणाऱ्या चमूकडून चूक होण्याचा धोका याच क्षणी सर्वाधिक असतो.

यानंतर सुरू होते प्रतीक्षा. उतारा नसल्याने रक्त पूर्ववत होण्यास दोन ते चार तास लागतात. तोवर छातीतील नळ्यांवाटे रक्त येत राहते आणि चमूला धीर धरावा लागतो. मूत्रपिंडे तीव्र बिघडलेली असल्यास औषधाचे अर्धायू ५७ मिनिटांवर आणि डायलिसिसवरील रुग्णात साडेतीन तासांवर जाते. रक्त गाळण्याच्या तंत्राने काही औषध काढून टाकता येते. धडधडत्या हृदयावर, यंत्राविना, बायपास करणे शक्य असेल तर मात्रा कमी लागते व साचण्याचा प्रश्नही सौम्य होतो.

अन्य मार्ग

हिरुडिनपासून बनविलेले लेपिरुडिन पूर्वी वापरले जाई. ते सर्वस्वी मूत्रपिंडांवर अवलंबून असे आणि २०१२ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. अर्गाट्रोबान यकृतावाटे बाहेर पडते. हिटच्या सर्वसाधारण उपचारात ते उपयुक्त असले तरी यंत्रावरील शस्त्रक्रियेत त्याचा अनुभव फारसा समाधानकारक नाही.

अधिक विचारार्ह मार्ग दोन आहेत. पहिला, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचा प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडांचे प्रमाण खाली आणणे आणि मग हेपारिन देणे. दुसरा, हेपारिनच द्यावयाचे पण त्याआधी प्लेटलेटना तात्पुरते निद्रिस्त करावयाचे. यासाठी प्रोस्टासायक्लिन वर्गातील औषध किंवा टिरोफिबान वापरतात. पहिल्याने रक्तदाब खाली येतो, दुसरे मूत्रपिंडांवर अवलंबून राहते. अलीकडे याच कामी अवघ्या काही मिनिटांचे अर्धायू असलेल्या कॅन्ग्रेलॉरचे अनुभव प्रसिद्ध होत आहेत. या दोन्ही मार्गांचा मोठा लाभ म्हणजे शेवटी प्रोटामिन देता येते. बिवॅलिरुडिनचा सराव नसलेल्या केंद्राने केवळ ग्रंथात प्रथम क्रमांकावर आहे म्हणून ते प्रथमच तातडीच्या रुग्णावर वापरावे काय, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका वाटते. चमूला अवगत असलेला मार्ग अनेकदा अधिक सुरक्षित असतो. मार्गदर्शक तत्त्वांनीही हे पर्याय खुले ठेवून केंद्राच्या अनुभवाला महत्त्व दिले आहे.

शस्त्रक्रियेनंतर

अतिदक्षता विभागात हेपारिन अनेक रूपांनी दडलेले असते. रोहिणीतील नळी धुण्याचे द्रावण, हेपारिनचा लेप दिलेले कॅथेटर, डायलिसिसचे यंत्र, रक्त साकळण्यास मदत करणारी काही संहत द्रव्ये या सर्वांत ते असू शकते. खाटेजवळ ठळक सूचना लावणे व परिचारिकांना प्रत्येक पाळीत ती सांगणे आवश्यक ठरते. अल्पभार हेपारिनही चालत नाही, कारण तीच प्रतिपिंडे त्यालाही ओळखतात. प्लेटलेट कमी आहेत म्हणून केवळ आकडा सुधारण्यासाठी त्या भरू नयेत. वॉरफरिनची घाईही घातक आहे. तीव्र अवस्थेत ते एकटे सुरू केल्यास साकळण्यास विरोध करणारे 'प्रोटीन सी' आधी घटते आणि अवयवास गँगरीन होऊ शकते. प्लेटलेट दीड लाखांवर स्थिरावल्यानंतर, दुसऱ्या औषधाच्या छत्राखालीच ते सुरू करतात. मधल्या काळात अर्गाट्रोबान, बिवॅलिरुडिन किंवा फोन्डापॅरिनक्स वापरतात.

रुग्णास घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर केवळ 'हेपारिन देऊ नये' असे न लिहिता प्लेटलेटचे आकडे, कोणत्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल आणि त्यांच्या तारखा लिहाव्यात. पाच वर्षांनी झडप बदलण्यासाठी तो दुसऱ्या शहरात दाखल झाला, तर तेथील भूलतज्ज्ञ त्या तारखा पाहून प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करू शकेल, आणि ती नकारात्मक आल्यास त्या दोन-तीन तासांपुरते हेपारिन देऊ शकेल.